मोठ्या माणसांचं कार्टून

आमच्या मामांनी लहान मुलांचा जेवढा धसका घेतला आहे, तेवढा अख्ख्या बेळगाव जिल्ह्यात दुसऱ्या कुणी घेतला नसेल. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. एरवी या माणसाला मुलांचा केवढा लळा. सदऱ्याच्या खिशात कायम लिमलेटच्या गोळ्या, गल्लीतलं कुठलंही शेंबडं पोर उचलून त्याचं नाक स्वतःच्या धोतराला पुसायचं, सायकलवर पुढच्या दांडीवर एक आणि मागे दोन बसवून वडगावची फेरी मारायची. पण एकदा का ते आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसले, की दाराशी नुसती लहान मापाची चप्पल दिसली तरी त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल पडद्यावर जाऊन पडतो. मुलं खिडकीतून डोकावली तर खिडकी बंद होते. त्याला कारण एकच. मामा कार्टून काढतात, आणि ते मोठ्या माणसांसाठी काढतात. ही गोष्ट त्यांनी आजवर इतक्या जणांना समजावून सांगितली आहे, की त्या वेळात कार्टून पुरं झालं असतं.

वडगावात माग म्हणजे घरातलंच एक माणूस. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार, आणि दोन्हीकडचा आवाज एकमेकांत मिसळलेला. मामांचेही दोन माग होते, पण त्यांचं खरं नाव होतं ते साड्यांच्या काठांसाठी. चौकोनी रेघांच्या कागदावर एकेक चौकोन भरत मोर, कोयऱ्या, रुईफुलं काढायची, त्याप्रमाणे पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, आणि ते पुठ्ठे मागावर चढवले की काठावर मोर चालायला लागायचे. पुढे नक्ष्या कॉम्प्युटरवर होऊ लागल्या. गल्लीतल्या बाकीच्या कारागिरांनी कपाळाला हात लावला आणि मामांनी जाऊन एक जुना कॉम्प्युटर आणला. शिकवायला मोबाईलवरचे व्हिडिओ. त्यातला मास्तर कुठल्या तरी दूरदेशीचा, बोलणार इंग्रजीत. मामांनी त्याचा आवाज बंद केला आणि पडद्यावरचा बाण कुठे जातो, कुठे टिचकी मारतो, एवढंच बघत राहिले. मी एकदा म्हटलं, अहो, तो काय सांगतो ते तरी ऐका. त्यावर ते म्हणाले, "कारागिराचं तोंड बघायचं नसतंय पोरी, हात बघायचा." अशा रीतीने त्या बिचाऱ्याचा एक शब्दही न ऐकता मामा त्याच्याकडून कॉम्प्युटरवर हलती-चालती माणसं बनवायला शिकले. साड्यांच्या नक्ष्या जिथल्या तिथे राहिल्या आणि घरात सिनेमा शिरला.

कॉम्प्युटरची भाषा मामांनी कधी जवळ केली नाही, त्यांनी कॉम्प्युटरलाच मागाची भाषा शिकवली. चित्र तयार होत असलं की "विणायला लावलंय" म्हणायचं. मध्येच काही बिघडलं की "धागा तुटला". एवढ्याशा दृश्याला ते यंत्र दिवसच्या दिवस खातं, आणि तोवर मामा शेजारी स्टूल टाकून बसतात, माग चालू असताना कारागिराने जागचं हलायचं नसतं म्हणून. त्यांच्या घरची वीज नाजूक. विणकाम चालू असताना कुणी मिक्सर लावला की कॉम्प्युटर बंद पडतो, म्हणून त्या घरात मिक्सरला बंदी आहे. आत्याच्या हातची शेंगाचटणी आमच्या सगळ्या नात्यागोत्यात नावाजलेली. ती बाई गेली कित्येक वर्षं घरात मिक्सर असून उखळात कुटते आहे. त्याबद्दल ती काही बोलत नाही, पण मुसळाचा आवाज जरा जास्त करते.

सिनेमाची गोष्ट जुनीच, पुराणातली. राजा आणि राणी यांची नावं मामा कुणाला सांगत नाहीत, कारण नाव सांगितलं की लोक "ठाव हाय" म्हणून उठून जातात, असा त्यांचा अनुभव. राजा फाशांच्या खेळात राज्य हरतो. दोघं रानात हिंडतात. अंगावर वस्त्र म्हणायला दोघांत मिळून एकच उरतं. एका पहाटे राणी निजलेली असताना राजा त्या वस्त्राचा अर्धा भाग फाडून घेतो आणि तिला तिथेच टाकून निघून जातो. पुढे बरंच काही होतं आणि शेवटी दोघं भेटतात, पण मामांचा सगळा जीव त्या पहाटेच्या दृश्यात. बोरगावचे एक व्यापारी त्यांच्या ओळखीचे होते, मामांच्या साड्या पूर्वी त्यांच्या दुकानात जात. त्यांना हे काम बघून फार कौतुक वाटलं आणि सिनेमा बाजारात आणायला मदत करतो म्हणाले. फक्त त्यात निरोप घेऊन जाणारा जो हंस आहे, त्याला जरा बोलका करा, दोन गाणी द्या, शेवटी एक नाच घाला, म्हणजे शाळांतून दाखवता येईल. मामा त्यांना आधी मराठीत, मग नीट कळावं म्हणून कानडीत सांगत राहिले, "चिक्क मक्कळिगे अल्ल." लहान मुलांसाठी नाही. व्यापारी भला माणूस, पण त्याच्या डोक्यात कार्टून म्हणजे मुलं हे इतकं पक्कं, की जाताना त्याने विचारलंच, हंसाला टोपी घातली तर चालेल का? तेव्हापासून सिनेमातला हंस एकदाच येतो, निरोप देतो आणि चालता होतो. मामा म्हणतात, हंस पोरांचा, नवराबायकोत पोरांनी किती वेळ बसायचं?

मामांना राजवाडे जमले, हत्ती जमले, राजाच्या मिशाही चांगल्या उगवल्या. अडलं ते कापडावर. कॉम्प्युटरमध्ये कापड नेसवलं की ते कधी राणीच्या खांद्यातून आरपार जायचं, कधी पापडासारखं ताठ राहायचं, आणि एकदा तर वाऱ्याचा आकडा चुकल्यामुळे सगळं वस्त्र उडून आभाळात गेलं आणि मामांनी घाईने पडद्यावर टॉवेल टाकला. जन्मभर कापडात राहिलेल्या माणसाचा हा केवढा अपमान. मग खरं कापड कसं पडतं याचा अभ्यास सुरू झाला. मामा गच्चीवर जायचे आणि वाळत घातलेली साडी वरून सोडायचे, खाली उभं राहून मी किंवा आत्या मोबाईलवर तिचं चित्र घ्यायची. आपल्या साड्या संपल्यावर त्यांनी शेजारच्या दोरीला हात घातला. शेजारीणबाईंची नवीकोरी इरकल गटारात पडली त्या दिवशी आत्याला त्यांच्या घरी जाऊन बसावं लागलं. तेव्हापासून आत्याचे कान कापडाच्या आवाजाला फार तिखट झाले. कुठे साडी झटकल्यासारखं वाटलं तरी ती भाकरी तव्यावर टाकून बाहेर येते.

रानासाठी आम्ही जांबोटीला गेलो. राजा-राणी ज्या रानात फिरली ते जांबोटीसारखंच असणार, याबद्दल मामांच्या मनात शंका नव्हती. मी, माझे यजमान आणि मामा. आमचे हे देहाने भारदस्त आणि स्वभावाने गरीब, त्यामुळे मामांना फार उपयोगी पडतात. मामांनी त्यांना झाडांमधून दुःखी राजासारखं चालायला लावलं. यांना दुःखी चालता येईना, कारण सकाळचा नाश्ता उत्तम झाला होता. तसं दिवसभर चालून संध्याकाळची बस चुकली, पुढच्या गावापर्यंत पायपीट झाली आणि यांच्या पोटरीला दोन जळवा लागल्या, तेव्हा कुठे ती चाल त्यांच्या पायात आली. मामा त्या अंधुक उजेडात मागून मोबाईल धरून पळत होते आणि म्हणत होते, "आता जमलं जावईबापू, तसंच चला." सिनेमातला राजा आजही थोडासा लंगडतो तो आमच्या यांच्यामुळे.

पण राणी कशी झोपते, हे मामांनी कुणाला विचारलं नाही. यांनी आपण होऊन सांगितलं होतं, झोपायला मी कधीही तयार आहे. मामा म्हणाले, नको. ती बाई कशी झोपती ते त्यांना पाठ आहे. आणि खरोखर, सगळ्या सिनेमात ते एकच चित्र त्यांनी कुठेही न बघता केलं. राणी उजव्या कुशीवर, गुडघे जरा पोटाशी घेतलेले, एक हात गालाखाली आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत अंगावरच्या वस्त्राची कड. चित्र इतकं खरं उतरलं होतं की बघताना आपण आवाज करू नये असं वाटायचं. आमचे हे झोपेतले जाणकार; त्यांनी एकच दोष काढला. झोपलेल्या माणसाची मूठ सैल पडते मामा, ही आवळलेली आहे, थोडी उघडा. मामांनी मान हलवली. "न्हाय. अशीच हुती." हुती म्हणाले, आहे नव्हे. मी ऐकलं, पण विचार केला नाही.

विचार करायला हवा होता, कारण सुरतेची हकिगत आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती. मामा-आत्यांच्या लग्नानंतर थोड्याच वर्षांनी वडगावातले माग एकदम थंडावले होते. सूत मिळेना, साड्या उचलेना कुणी. मामांचे दोन्ही माग बंद. हा माणूस रोज सकाळी अंघोळ करून बंद मागापुढे जाऊन बसायचा आणि संध्याकाळी तिथून उठायचा. जेवायला हाक मारली तर ताटावर बसायचा आणि तसाच उठायचा. आणि एका पहाटे, दिवाळीच्या आधी, कुणाला काही न सांगता तो पिशवी घेऊन गेला. आत्या झोपलेली होती. तो शिमग्याच्या सुमारास सुरतेहून परत आला, हातात चार पैसे आणि नव्या नक्ष्यांची भेंडोळी घेऊन, आणि माग पुन्हा सुरू झाले. आत्याने दार उघडलं, पाय धुवायला पाणी दिलं आणि त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. ती विचारत नाही म्हणून मामांनी सांगितलं नाही. मामा त्या दिवसांतली एकच गोष्ट सांगतात, आणि ती दर सणाला सांगतात. सुरतेत उतरून पिशवी उघडली तर आत फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि शेंगाचटणीची पुरचुंडी. "माझ्या आईनं वळखलं हुतं बघा. आईला न सांगता कळतंय." ही गोष्ट सुरू झाली की आत्या उठून स्वयंपाकघरात जाते. आम्हाला वाटायचं, सासूचं कौतुक कुठल्या सुनेला आवडतं?

तर हा सिनेमा कशासाठी चालला होता हे सांगायला ज्योतिषी नको. जे तोंडाने बोलता आलं नाही ते मामा कॉम्प्युटरवर विणत होते. लहान मुलांना त्यात काय कळणार? मोठ्यांनाही सगळ्यांना कळावं असा त्यांचा हट्ट नव्हता. सगळा सिनेमा एकाच माणसाने बघावा म्हणून होता, आणि ते माणूस बघायला तयार नव्हतं. आत्या त्या खोलीत केर काढायला जायची तेव्हाही पडद्याकडे पाठ करून काढायची. मामांनी आडून आडून विचारलं, मला विचारायला लावलं, यांनाही पाठवलं. उत्तर ठरलेलं. "मला ठाव हाय ती गोष्ट." मामांचं वय वाढत होतं, डोळ्याला मोतीबिंदू धरू लागला होता, आणि ते पहाटेचं दृश्य तिने एकदा बघितल्याशिवाय पुढचं काही विणावं असं त्यांना वाटेना.

शेवटी त्यांनी ठरवलं की गल्लीलाच दाखवायचं. सगळे आले की ती घरात एकटी कशी बसेल? समाजाच्या हॉलमध्ये पांढरं धोतर बांधलं, प्रोजेक्टर भाड्याने आणला. आणि पोरं येऊन हंसाला बघून किंचाळतील या धसक्याने मामांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात एक फलक लिहून कोपऱ्यावर लावला. पुराणातील राजा-राणीची कथा, कॉम्प्युटरवर तयार केलेली, फक्त प्रौढांसाठी, लहान मुलांस सक्त मनाई. फलक लागला त्या दिवसापासून मामांची गल्लीतली किंमतच बदलली. म्हातारे त्यांच्याकडे बघून गालात हसायला लागले. तरुण माणसं "मामा, जागा धरून ठेवा" म्हणायला लागली. बायकांनी आत्याला नळावर गाठून विचारलं, या वयात हे काय आन् देवाधर्माच्या गोष्टीचं? मामांना यातलं काही उमगलं नाही. ते मला फोनवर आनंदाने सांगत होते की लोकांना गंभीर विषयाची गोडी लागली आहे.

मी सासरहून, निपाणीहून मुद्दाम गेले. हॉल खच्चून भरला होता आणि त्यात माझ्याशिवाय बाई नव्हती. गल्लीतले सगळे पुरुष केस चापून, अत्तर लावून, खाली मान घालून बसलेले; बोरगावचे व्यापारीही आले होते आणि मला बघून त्यांनी चेहऱ्यावर उपरणं घेतलं. सिनेमा सुरू झाला. राजा फासे खेळला. हरला. परत खेळला. परत हरला. मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच विचारलं, कधी सुरू होतंय? रान आलं तेव्हा सगळे सावरून बसले. राणीच्या अंगावर अर्धंच वस्त्र उरणार हे गोष्टीतलं त्यांनाही ठाऊक होतं. राजाने वस्त्र फाडलं, राणी आपल्या अर्ध्या वस्त्रात गळ्यापासून घोट्यापर्यंत नीट झाकलेली राहिली, कारण मामांनी पन्हाच तेवढा धरला होता, आणि राजा लंगडत निघून गेला. दिवे लागले. मग एक म्हातारे कारागीर उठले आणि म्हणाले, सगळं चांगलं आहे, पण काठाचा मोर उलटा चाललाय. त्यावर दोन तट पडले आणि मोर उजवीकडे चालावा की डावीकडे, याची चर्चा करत मंडळी समाधानाने घरी गेली. आत्या आली नव्हती. घरी गेलो तर तिने आमची ताटं वाढून ठेवली होती आणि ती झोपली होती. दुसऱ्या दिवशी तिने एवढंच सांगितलं की त्या सिनेमाचं नाव पुन्हा तिच्यापुढे काढायचं नाही. मामा चहात बुडवलेली खारी तशीच धरून बसले, ती गळून कपात पडली तरी त्यांना कळलं नाही. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यानंतर बरेच दिवस कॉम्प्युटरवर टॉवेल पडून होता. मिक्सरवरची बंदी आपोआप उठली, तरी आत्या कुटतच राहिली. मग एका रविवारी मी गावाकडच्या शेंगा घेऊन गेले, तेव्हा मामा परत स्टुलावर बसलेले दिसले. सिनेमाला आवाज द्यायचा राहिला होता, तो देत होते. आत्या आणि मी स्वयंपाकघरात. ती उखळापाशी, मी शेंगा फोडत होते. आणि आतून कापड फाटल्याचा आवाज आला. सुती, घट्ट विणीचं, हाताने फाडलेलं कापड. माग असलेल्या घरात या आवाजाला कुणी बसून राहत नाही. विणलेलं कापड कात्रीने कापतात, हाताने फाडत नाहीत. आत्याच्या सासूने तिला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट ती. आत्या तशीच चटणीच्या हाताने धावली, मी तिच्या मागे. "कुठली फाडली? माझी इरकल फाडली व्हय?"

मामांच्या हातात काही नव्हतं. फाटलं होतं ते पडद्यावर. राजाच्या हातात अर्धं वस्त्र, आणि पुढे राणी निजलेली. आत्याची पाठ फिरवायची राहून गेली. ती बघतच राहिली. मामांचा टॉवेलसुद्धा खांद्यावर तसाच राहिला. चित्र संपलं. आत्या म्हणाली, परत लावा. त्यांनी परत लावलं. तिने जवळ जाऊन चटणीचं बोट पडद्यावर राणीच्या मुठीवर टेकवलं, तिथे तांबडा ठिपका उमटला.

"ही जागी हाय," ती म्हणाली.

मामा गडबडले. म्हणाले, अगं न्हाय, झोपलीया ती, गोष्टच तशी हाय. आत्याने विचारलं, झोपलेल्या माणसाची मूठ अशी ऱ्हाती व्हय? मामा हळूच म्हणाले, अशीच हुती.

"व्हय. अशीच हुती," आत्या म्हणाली. "मी जागीच हुते."

मामांच्या चेहऱ्यावर ते हळूहळू पसरत गेलेलं मी बघितलं. इतकी वर्षं त्यांनी ती मूठ जशीच्या तशी ध्यानात ठेवली होती, जीव ओतून ती काढली होती, गल्लीला दाखवली होती, आणि ती काय सांगते ते त्यांना कधी वाचता आलं नव्हतं. त्यांनी विचारलं, मग बोलली का न्हाईस?

"बोलले असते तर तुमी गेला असता व्हय?" आत्या पदराला हात पुसत होती. "आन् ऱ्हायला असता तर त्या बंद मागाफुडं बसून बसून रोज थोडं थोडं मेला असता. मला नवरा जित्ता पायजे हुता. लांब का असंना."

मामांनी काहीतरी आठवल्यासारखं वर बघितलं. चटणी, एवढंच ते म्हणाले. आणि इथे मात्र आत्याचा इतक्या वर्षांचा राग बाहेर आला. जाण्याबद्दलचा नव्हे, चटणीबद्दलचा. पिशवी मागाच्या मागे लपवली होती, तिथला केर कोण काढत होतं? रात्री चुलीपुढे बसून भाकरी कुणी थापल्या? "आत्याबाईंनी, तुमच्या आईनं, उभ्या जन्मात शेंगाचटणी कुटली न्हाय, त्या जवसाची कुटायच्या. रोज माझ्या हातची खाताय, चव कळली न्हाय तुमास्नी? दर सणाला आपलं माझ्या आईनं वळखलं, माझ्या आईनं वळखलं." मामा हात जोडून बसले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याच वेळी ते हसतही होते. मलाही दोन्ही आवरेना. आत्या उखळाकडे परत गेली आणि तिने मुसळ जरा हळू घातलं.

सिनेमा अजून संपलेला नाही. उलट आता त्याला दुप्पट वेळ लागतो, कारण आत्या शेंगांची टोपली घेऊन त्या खोलीत बसते आणि कामात लक्ष घालते. राणीने डोळा उघडायचा हे ठरलं. किती उघडायचा यावर महिनाभर वाद चालला. मामांनी त्यात पाणी आणलं, आत्या म्हणाली, नको, त्या दिवशी न्हवतं. राणीच्या तोंडी एखादं वाक्य घालू का असं त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, वाक्य असतं तर तवाच बोलले नसते? मग दाखवू काय, म्हणून मामा हवालदिल झाले. आत्या शेंगा फोडता फोडता म्हणाली, "तुमची पाठ दाखवा. मला तीच दिसत हुती."

आता मामांनी राजाचा चेहरा हजारदा काढला आहे, पण पाठ त्यांच्या ध्यानीमनी नव्हती. स्वतःची पाठ कुणी बघितलेली असते? आमच्या यांची लंगडी पाठ आत्याला चालेना. म्हणून परवा मी गेले होते तेव्हा त्यांनी माझ्या हातात मोबाईल दिला, एक जुनी पिशवी काखोटीला मारली आणि मला दारात उभं केलं. दारातून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत सरळ चालत जायचं, मी मागून चित्र घ्यायचं, एवढंच काम. सकाळची वेळ, रस्ता मोकळा. आत्या माझ्या शेजारी उंबऱ्यावर येऊन बसली.

मामा निघाले. निम्म्या वाटेवर गेले आणि मागे वळून बघितलं. आत्या म्हणाली, वळायचं नाही, राजा वळला नव्हता. ते परत आले, परत निघाले. या वेळी नळापर्यंत गेले आणि वळले. तिसऱ्यांदा त्यांनी मान अगदी ताठ धरली होती, पण शेवटच्या खांबापाशी पाय थांबले आणि मान हळूच फिरलीच; आत्या उंबऱ्यावर आहे ना, ते बघून घेतलं. गल्लीतली पोरं जमली होती, त्यांनाही आज मामांनी हाकललं नाही. आत्या मोठ्याने म्हणाली, "सरळ जावा की वो, मी काय कुठं जाती व्हय?" मामांनी लांबूनच मान डोलावली आणि पिशवी सारखी करून ते परत दाराकडे चालत आले.

आम्ही जेवायच्या वेळेपर्यंत तेच करत होतो. ती पाठ काही मिळाली नाही.